वहिनी आणि कप्तानाच्या बोटीचं शेपूट

आमच्या धक्क्यावर तिला सगळे वहिनी म्हणतात. कालचा पोरगा म्हणतो, सत्तरीतला म्हातारा म्हणतो, आणि ज्याच्याशी तिचं सकाळीच कडाक्याचं वाजलंय तोही संध्याकाळी वहिनीच म्हणतो. खरा दीर तिला एकच. तो प्रवासी बोट चालवतो. त्यानं कधीतरी धक्क्यावरून "वहिनी, जरा इकडे या!" अशी हाक मारली आणि ती हाक सगळ्यांनी उचलली. मी बोटवाल्यांच्या संघटनेचं काम बघते, म्हणून मला ताई म्हणतात. पण काही अडलं की पहिली हाक वहिनीला जाते, दुसरी मला. मला त्याचा राग येतो. तरी हाक योग्य ठिकाणी जाते हे मान्य करायला हवं.

तिचं काम बोटीतली वीज बघण्याचं. माहेरी वडिलांचं पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. शाळेतून आली की दप्तर टाकून ती जळालेल्या मोटरची तांब्याची तार सोडवायला बसायची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय काय येतं गं तुला?"

ही म्हणाली, "मोटर बांधता येते."

"बरं झालं. उद्या सकाळी सगळ्यांना एकेक मोटर वाढ," सासूबाई म्हणाल्या.

पुढं महिनाभरात सासूबाईंचा मिक्सर चटणी वाटता वाटता बंद पडला. हिनं ओट्यावरच तो उघडला, झिजलेला कार्बन बदलला आणि उरलेली चटणी वाटून दिली. तेव्हापासून गल्लीतल्या बायका आपापले मिक्सर पदराखाली झाकून यायला लागल्या. सासूबाई दारात बसून नंबर लावायच्या, जणू त्यांनीच दवाखाना काढला होता.

बोटीकडे ती दिरामुळेच वळली. त्याच्या इंजिनाची उचलायची मोटर जळली होती. वहिनीनं ती हातात घेऊन फिरवली आणि म्हणाली, "मोटर ती मोटर. पंख्यात काय नि बोटीत काय."

ज्यांना बोटीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या बोटींना इंजिन मागच्या बाजूला, बाहेर टांगलेलं असतं. त्याचा खालचा भाग पाण्यात, आणि त्यालाच पंखा. खोल पाण्यात तो खाली सोडायचा, उथळ पाणी आलं की वर घ्यायचा, नाहीतर पंखा वाळूत जाऊन बसतो. हे काम हातानं होत नाही. वेग कमी-जास्त करायच्या थ्रॉटलच्या दांड्यावर अंगठ्याखाली एक बटण असतं. वर दाबलं की मागची विजेची मोटर तेलाचा पंप फिरवते, पंप दांडा ढकलतो आणि इंजिन उचललं जातं. खाली दाबलं की उतरतं. धक्क्यावर याला कुणी यंत्राच्या नावानं ओळखत नाही. सगळे शेपूट म्हणतात. "शेपूट वर घे रे!" ही आरोळी दिवसभर ऐकू येते.

वहिनीकडे मीटर आहे, चांगला आहे. पण तिचा विश्वास बल्बवर. स्कूटरच्या सिग्नलचा जुना बल्ब, त्याला दोन लांब तारा डकवलेल्या. मी एकदा विचारलं, मीटर असताना हे खेळणं कशाला? तर म्हणाली, "ताई, मीटर म्हणजे स्थळ बघायला आलेला पाहुणा. तारेत तांब्याचा एक केस शिल्लक असला तरी म्हणतो, वा, छान आहे, पूर्ण वीज आहे! बल्ब म्हणजे संसार करणारा. त्याला खरंच वीज लागते. नाही मिळाली तर तोंड काळं करून बसतो."

नम्रपणा तिच्या वाटेला गेलेला नाही. "मी ठीक म्हटलं म्हणजे ठीक" हे ती स्वतःच सांगत फिरते. आणि याच वाक्यानं तिच्या घरात आग लावली.

तिचा दीर, त्याला धक्क्यावर कप्तान म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे. त्यानं ते नाव इतकं मनावर घेतलं की चिडवण्यातली मजाच गेली. उंचीनं कप्तान वहिनीच्या खांद्याला लागतो, पण टोपी, शिट्टी आणि आवाज तिघा माणसांना पुरेल एवढा. त्याची बोट पलीकडच्या धक्क्याजवळच्या वाळूत रुतली. एकदा नाही, लागोपाठ तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा पंख्याची पाती वाकली, प्रवासी खोळंबले. कप्तानाचं म्हणणं एकच: "मी बटण दाबलं होतं. शेपूट उठलंच नाही."

"मग आत्ता कसं उठतं?" मॅनेजरनं विचारलं.

"रुतल्यावर दाबलं की उठतं!"

यावर धक्का जो हसला! शेपटाला रुतायची वाट बघायची सवय लागलीय म्हणे. कप्तान लालबुंद झाला.

मॅनेजर म्हणजे बोटी ज्यांच्या आहेत त्या मालकांचा माणूस. वाईट नाही, पण घाबरट. त्यानं बोट बाहेर काढून शेडमध्ये ठेवली आणि वहिनीला बोलावलं. वहिनीनं अर्धा दिवस घातला. फ्यूज बघितला. बॅटरीची टोकं घासली. बटणाचा निरोप आला की मोटरला वीज सोडणाऱ्या दोन डब्या असतात, त्यांना रिले म्हणतात, एक चढवायची, एक उतरवायची. त्या अदलाबदल करून बघितल्या. शेपूट वर गेलं, खाली आलं, वर गेलं, खाली आलं. शेडमध्ये निम्मा धक्का जमलेला. कुणीतरी विचारलं, "काय वहिनी?" आणि ही बया कमरेवर हात ठेवून म्हणाली, "यंत्र ठीक आहे."

बस्स. मॅनेजरला तेवढंच हवं होतं. यंत्र ठीक आहे म्हणजे माणूस ठीक नाही. कप्तानाला बोटीवरून उतरवलं आणि बोट खांबाला दिली. खांब हा आमचा सगळ्यात उंच बोटवाला, नावावरून कळलंच असेल. आठवडाभर त्यानं तीच बोट तिकडून नेली-आणली, एकदाही रुतली नाही. महिनाअखेरीला मालक येणार होते आणि कप्तान कायमचा जमिनीवर, असं जवळजवळ ठरलं होतं. ज्या माणसाला बोटीच्या चाकाशिवाय दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही, त्याला तिकिटं फाडायला बसवणार होते.

मी त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. एकच लांबट खोली, एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला वहिनीचं टेबल, त्यावर मोटरी, तारा आणि वाळत घातलेले मोजे. जेवणं चालली होती. कप्तान भिंतीकडे तोंड करून जेवत होता. वहिनीचा नवरा बोटी रंगवतो, तो जन्मजात शांत माणूस, ताटातल्या भातावर रंगाचा दुसरा हात मारावा तसा आमटी पसरत होता. बोलत होत्या फक्त सासूबाई.

"लोकांच्या घरी शॉक बसतो तो तारेचा," त्या मला म्हणाल्या. "आमच्याकडे सुनेचा बसतो."

"आई, मी जे बघितलं ते सांगितलं," वहिनी म्हणाली.

"सांगायचं कशाला तेवढ्या मोठ्यानं? पोटात ठेवायचं. भाजीत मीठ कमी पडलं तर तू सांगतेस का गल्लीला?"

मी मधे पडले. म्हटलं, "वहिनी, सोपं आहे. उद्या जाऊन सांग, रिले खराब होतं, तुझ्या नजरेतून सुटलं, आता बदललं. मिटलं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी हातातली पोळी खाली ठेवली. "आणि पुन्हा रुतली तर? बोटीत माणसं असतात, ताई. खोटं सांगून मी भावजींना चाकावर बसवू आणि मग रोज देवाला हात जोडू?"

"मग मी उद्या धक्का बंद करते. एकही बोट हलणार नाही."

"करा की. तुमच्या घोषणा ऐकून तुटलेली तार जुळत असेल तर बघा."

भिंतीकडून आवाज आला, "म्हणजे तार तुटलीय असं वाटतं ना तुम्हाला? वहिनी, मी खरंच दाबलं होतं हो."

आठवडाभरात तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला होता. वहिनी हात न धुताच त्याच्यासमोर जाऊन बसली. "मला माहितीय भावजी. तुम्ही बढाया मारता, पण बटणाबद्दल खोटं नाही बोलणार. मी बोट शेडमध्ये बघितली, रिकामी. ती रुतते पाण्यात, भरलेली, तुम्ही चालवताना. मला तुमच्यासकट बघायला हवी."

मॅनेजरला एका फेरीसाठी तयार करायला माझं भांडण कामी आलं. एवढं श्रेय मी घेणारच. नेहमीची फेरी, नेहमीचे प्रवासी, चाकावर कप्तान. अट एकच, शेजारी खांब उभा राहील, वेळ आली तर चाक घ्यायला. मॅनेजर स्वतः बोटीत बसला. मीही बसले. वहिनीनं मागे इंजिनापाशी, रिलेच्या अगदी अलीकडे, 'वर'च्या निळ्या तारेला बल्बचं एक टोक जोडलं, दुसरं बॅटरीच्या वजा टोकाला. तारा बाकाखालून पुढं आणल्या आणि बल्ब मॅनेजरच्या हातात दिला.

"हा धरा. भावजींनी बटण वर दाबलं की पेटला पाहिजे. पेटला आणि शेपूट उठलं नाही, तर मागे गडबड. पेटलाच नाही, तर बटणापासून इथपर्यंत वीजच आली नाही. ओरडून सांगायचं."

मॅनेजरनं बल्ब दोन्ही हातांत असा धरला जणू चिमणीचं पिल्लू.

बोट निघाली. कप्तानानं शिट्टी मारली, टोपी सारखी केली. पलीकडचा धक्का जवळ आला, पाण्याचा रंग बदलला, वाळूचा उंचवटा आला. कप्तान टाचा उचलून, मान ताणून समोर बघत होता. अंगठा दाबला.

"पेटला!" मॅनेजर ओरडला. शेपूट घूं करत वर आलं. बोट अलगद धक्क्याला लागली.

खांबानं माझ्याकडे बघून खांदे उडवले. मॅनेजर म्हणाला, "झालं ना समाधान?" वहिनी पुन्हा तारा चाचपायला लागली. मी कपाळाला हात लावला. कप्तानाचा चेहरा तर बघवत नव्हता. आता स्वतःच्याच बोटीनं त्याला खोटं पाडलं होतं.

परतीचे प्रवासी चढायला लागले. त्यात भाजीवाली मावशी होती, रोज सकाळी तिकडे टोपल्या भरून नेते आणि रिकाम्या घेऊन येते. तिनं कप्तानाला बघितलं आणि खुलली.

"आलास का रे बाबा? हा लंबूटांग्या नुसता मुका नेतो, करमत नाही. पण आज तुझी पेटी कुठाय?"

"कुठली पेटी?" कप्तान पटकन म्हणाला. "बसा मावशी, बसा."

"अरे, जिच्यावर चढून उभा राहतोस ती! वाळू आली की पायानं पुढे ओढतोस आणि राजासारखा चढतोस. त्याशिवाय पुढचं दिसतंय का तुला?"

खांब असा हसला की बोट डुलली. कप्तान चाकाकडे वळला. त्याचे कान टोपीखालून लालभडक दिसत होते. इतक्या वर्षांत धक्क्यावर कुणाला ठाऊक नव्हतं. निघताना आणि पोचताना पेटी बाकाखाली, फक्त वाळूपाशी बाहेर. प्रवाशांना त्यात काही वाटत नव्हतं, आणि प्रवासी काही बोटवाल्यांच्या गप्पांत बसत नाहीत.

वहिनी मात्र हसली नाही. ती बाकाखाली वाकली. हत्यारांची लोखंडी पेटी, चांगली जड. तिच्या मागच्या कोपऱ्याला काळा रबरासारखा डाग लागलेला होता. वहिनीनं तो बोटानं चोळला.

"भावजी, आज पेटी का नाही घेतली?"

"लागत नाही मला."

"भावजी."

"सगळ्यांसमोर कशी घेऊ?" तो दातांतल्या दातांत म्हणाला. "हा खांब जन्मभर सांगत फिरेल. मी तिकिटं फाडीन, पण याच्यासमोर पेटीवर चढणार नाही."

"मी माळ्यावरचा डबा स्टुलावर चढून काढते. मग डबा काढता येत नाही म्हणायचं का मला?"

"तुम्ही बाईमाणूस. तुमची गोष्ट वेगळी."

"हो का? बाईमाणसाला तार कळते ते चालतं, स्टूलही चालतं. आणि तुमचं पद पेटीपुढं गळून पडतं!"

कप्तान हलेना. तेव्हा कोण पुढं आलं? खांब. हसणं थांबवून त्यानं पेटी बाकाखालून ओढली आणि चाकापाशी आणून आपटली. "चढ रे. या चाकाखाली माझे गुडघे मावत नाहीत. घरी जाऊन रोज बायकोकडून तेल चोळून घेतो. मी कुणाला सांगितलंय का आजपर्यंत?"

"आता सांगितलंस," मावशी म्हणाली.

कप्तानानं एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग पेटी नेहमीच्या सवयीनं पायानं डावीकडे सरकवली, बोटीच्या कडेला चिकटवली आणि चढला. खरं सांगते, शोभून दिसत होता. बोट निघाली. धक्क्यालगत पाणी खोल, म्हणून शेपूट पुन्हा खाली सोडलेलं होतं, आणि वाळू समोरच होती.

"शेपूट वर!" खांब म्हणाला.

"दाबलंय!"

"अहो, पेटत नाहीये!" मॅनेजर उभाच राहिला. "नाही पेटत! वहिनी, नाही पेटत!"

"नाही पेटला! नाही पेटला!" वहिनी टाळ्या पिटत ओरडली, आणि त्याच क्षणी खालून खर्रर्र झालं, सगळे पुढं झुकले आणि बोट वाळूत बसली. बोट रुतल्यावर इतका आनंद झालेली बाई मी दुसरी बघितली नाही. मावशीला वाटलं हिला वेड लागलं.

कप्तानानं इंजिन बंद केलं. वहिनी म्हणाली, "उतरा. आता दाबा." तो खाली उतरला, दाबलं, बल्ब पेटला. "थांबा, परत चढा. दाबा." अंधार. "उतरा. दाबा." उजेड. मॅनेजर बल्बकडे बघत प्रत्येक वेळी "आहे!", "नाही!" असं ओरडत होता. शेवटी शेवटी प्रवासीही त्याच्याबरोबर ओरडायला लागले.

मग वहिनी मागे गेली. इंजिनावरच एक दुसरं बटण असतं, धक्क्यावर उभं राहून शेपूट उचलायला. एकटा बोटवाला चालू बोटीत चाक सोडून तिथपर्यंत जाऊ शकत नाही. कप्तानाला पुन्हा पेटीवर उभं करून तिनं ते दाबलं. शेपूट मुकाट्यानं उठलं. "म्हणजे मोटर ठीक, रिले ठीक, बॅटरी ठीक," ती म्हणाली. "राहिली ती पुढच्या बटणाची तार. आणि ती कुठून जाते?"

कडेच्या काळ्या रबरी पट्टीमागून जाते, अगदी तिथून, जिथं पेटीचा कोपरा टेकतो. वहिनी पोटावर आडवी झाली, पट्टी सोडवली, तारांचं आवरण चिरलं. निळ्या तारेचं प्लास्टिक बाहेरून नुसतं चेपलेलं. आत तांब्याची हिरवी भुकटी झालेली, दोन-चार केस एकमेकांना टेकून कसेबसे उभे. पेटीवर वजन पडलं की तार ओढली जायची आणि ते केस सुटायचे. वजन गेलं की पुन्हा टेकायचे, म्हणून रुतल्यावर कप्तान खाली उतरून दाबायचा तेव्हा शेपूट उठायचं. चढवायची तार मेलेली, शेजारची उतरवायची हिरवी तार धडधाकट.

मॅनेजरनं डोकं खाजवलं. "म्हणजे पेटी यानंच ठेवली, तार यानंच तोडली. मग चूक याचीच की."

इथं माझं डोकं सटकलं. मी बोलले ते सगळं लिहीत नाही, बोटीत लेकुरवाळ्या होत्या. पण मुद्दा असा होता: जे चाक एकाचे गुडघे फोडतं आणि दुसऱ्याला पेटीवर चढवतं, ते कुणाच्या मापानं बसवलं? उभं राहायची जागा खालीवर करता येत नाही, आसन मागेपुढे होत नाही. समोरचं दिसावं म्हणून माणूस पेटीवर चढतो, तो प्रवाशांसाठीच चढतो ना? का त्यानं वाळू न बघता चालवायची होती?

"आणि तार पायाखालून नेणारा कप्तान नव्हता," खांब म्हणाला. "बोट आली तेव्हापासून तिथंच आहे."

मॅनेजरनं हातातल्या बल्बकडे बघितलं. अजून सोडला नव्हता त्यानं. "आसन हलतं करून घेऊ," तो म्हणाला. "आणि खाली फळी ठोकून घेऊ. मालकांना मीच सांगतो. मी होतो इथं, डोळ्यांनी बघितलं." मग जरा थांबून, "वहिनी, पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

वहिनीचे हात हिरवे झाले होते, केस विस्कटले होते. ती उठून उभी राहिली आणि शेडमध्ये बोलली होती त्याहून मोठ्यानं बोलली. "म्हणाले होते यंत्र ठीक आहे. चुकीचं बोलले. यंत्र बघितलं, चालवणारा बघितला नाही. हे धक्क्यावर मी स्वतः सांगणार, प्रत्येकाला. कुणाला हसायचं असेल तर माझ्या तोंडावर हसा." कुणी हसलं नाही. तिला ते जरा आवडलं नाही, असं मला वाटलं. तिला वाद घालायची पूर्ण तयारी होती.

तिनं सडलेला तुकडा कापून टाकला, नवी तार जोडली, ती पट्टीच्या वरून फिरवून बांधली. खांबानं बांबू लावून बोट वाळूतून ढकलली, मॅनेजरनंही हात लावला, पँट गुडघ्यापर्यंत ओली करून घेतली. परतीचा सगळा रस्ता कप्तान पेटीवर उभा होता, खोल पाण्यातसुद्धा, जिथं त्याची काही गरज नव्हती. शिट्टी तर इतक्या वेळा मारली की मावशीनं कानात बोटं घातली.

कप्तान चाकावर परतला. सासूबाईंनी गल्लीला सांगितलं की बिघाड त्यांच्या सुनेनं एका नजरेत ओळखला. मधला आठवडा त्यांनी सोयीनं गाळला. पण खरी पंचाईत झाली ती बाकीच्या बोटवाल्यांची. वहिनी आता शेडमध्ये बोट तपासतच नाही. पाण्यात घ्या म्हणते, समोर बसते आणि हुकूम सोडते, "रोज चालवता तसं चालवा. लाजू नका. मला सगळं बघायचंय."

आणि एकेक बाहेर येतंय. एकजण पायानं चाक धरतो आणि हातानं शेंगा सोलतो. एकजण बॅटरीवर ओला टॉवेल वाळत घालतो. परवा तर दाढीवाले काका घामाघूम होऊन बसले होते, बोट दोरीतून सोडेचनात.

"काय झालं काका?" वहिनीनं विचारलं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "मी चालवताना गाणं म्हणतो. म्हटलंच पाहिजे का?"

"गाण्यानं तार हलते का?"

"माझ्या गाण्यानं हलेलही."

"मग म्हणा," वहिनी म्हणाली आणि बल्ब हातात घेऊन ऐकायला बसली.